चित्र न काढता कॉमिक लिहिणारा माणूस : हार्वी पीकार

रेकॉर्डरूम :

एक साधा कागद. त्यावर हाताने रेघा मारून पाडलेल्या चौकटी. चौकटींत काड्यांची माणसं: डोक्याच्या जागी गोल, हातापायांच्या जागी रेघोट्या, वर संवाद. एखाद्या चौकटीत नुसतंच काड्यांचं माणूस, संवाद नाही. हार्वी पीकारने जवळजवळ चाळीस वर्षं कॉमिक लिहिलं ते अशा कागदांवर. चित्रकला त्याला येत नव्हती. हा कागद तो चित्रकाराच्या हाती द्यायचा आणि कोण कुठे उभं आहे, कोणाचा चेहरा कशामुळे पडला, हे समजावून सांगायचा.

त्याच्याबद्दल इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. मी या माणसाकडे कॉमिकच्या वाटेने आलेलो नाही. एका सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मी सव्वीस वर्षं काढली. केसपेपरचे गठ्ठे, सुतळ्या, रॅकचे नंबर, आणि खिडकीशी उभा असलेला नातेवाईक, ज्याला सात वर्षांपूर्वीचा पेपर आत्ताच्या आत्ता हवा असतो. माझी मुलगी एकदा म्हणाली, बाबा, अमेरिकेत तुमच्यासारखाच एक फाइल क्लार्क होता आणि त्याने त्याच नोकरीवर कॉमिक लिहिलं. तिने २००३ चा 'अमेरिकन स्प्लेंडर' हा सिनेमा दाखवला. मग पुस्तकं मिळवली. गेली चार वर्षं तीच फिरून फिरून वाचतोय.

त्याचा जन्म ८ ऑक्टोबर १९३९ चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचा. आईवडील पोलंडमधल्या बियालिस्टोकहून आलेले ज्यू. घरात यिद्दिश बोलायचे, तीच त्याची पहिली भाषा. वडील धर्मग्रंथांचे अभ्यासक, पण पोटासाठी किराणा दुकान चालवायचे आणि दोघंही सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात. पोरगा रस्त्यावर वाढला, मार खात आणि मार देत. पुढे जिथे जिथे आपण पहिले येणार नाही असं त्याला वाटलं, तिथून तो उठून गेला. खेळ सोडला, कॉलेज वर्षभरात सोडलं. नौदलात भरती झाला, तर तिथे स्वतःचे कपडे धुऊन तपासणीला दाखवायचे असतात, त्याच धास्तीने तो कोलमडला आणि बाहेर पडला. हे सगळं त्याने २००५ साली 'द क्विटर' या पुस्तकात स्वतःच मांडलंय. डीन हॅस्पील या चित्रकाराची चित्रं आहेत. 'सोडून देणारा' हे नाव त्याने स्वतःला दिलं.

आणि असा माणूस १९६५ मध्ये युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयात फाइल क्लार्क म्हणून लागला आणि २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. बढती देऊ केली तेव्हा नाही म्हणाला. सगळं सोडणाऱ्याने ही एक गोष्ट छत्तीस वर्षं सोडली नाही. मला त्याच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची बाब हीच वाटते. पगार ठरलेला, संध्याकाळ मोकळी, डोकं घरी घेऊन जायचं काम नाही. शिवाय दिवसभर ट्रॉली ढकलत वॉर्डावॉर्डांतून फिरायचं म्हणजे म्हातारे सैनिक, नर्सा, डॉक्टर, झाडूवाले, सगळ्यांचं बोलणं कानावर. त्याच्या गोष्टी तिथूनच आल्या.

कॉमिकच्या आधी तो जॅझचा समीक्षक होता. १९५९ पासून त्याची परीक्षणं छापून येत होती, रेकॉर्डी जमवण्याचं वेडही होतं. त्यातूनच १९६२ मध्ये क्लीव्हलंडला शुभेच्छापत्रांच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या रॉबर्ट क्रंबशी ओळख झाली. दोघंही जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या मागे. क्रंब पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि अंडरग्राउंड कॉमिकचा सर्वांत मोठा चित्रकार झाला. पीकार दहा वर्षं एकाच प्रश्नावर विचार करत राहिला: हे माध्यम फक्त सुपरहिरो आणि विनोदी प्राण्यांपुरतं का? कादंबरीत जे येतं ते सगळं यात का येऊ नये? १९७२ मध्ये क्रंब भेटीला आला तेव्हा पीकारने काड्यांच्या माणसांची पानं त्याच्यापुढे ठेवली. क्रंब म्हणाला, मी काढतो.

१९७६ मध्ये 'अमेरिकन स्प्लेंडर'चा पहिला अंक निघाला. लेखक पीकार, प्रकाशक पीकार, पैसे पीकारचे. वर्षाला साधारण एक, असे पंधरा अंक त्याने क्लार्कच्या पगारातून काढले. पैसा कुठून आणला, यावरही त्याची एक गोष्ट आहे: रेकॉर्डी घेणं बंद केलं आणि त्या पैशांत कॉमिक छापलं. ज्याला संग्रहाचं व्यसन आहे त्यालाच कळेल हा किती मोठा त्याग आहे.

'सामान्य माणसाचं सामान्य आयुष्य' असं त्याचं कौतुक होतं. मला ते अपुरं वाटतं. सामान्य आयुष्य तर सगळ्यांकडे आहे. त्यातली कुठली चार मिनिटं उचलायची, कुठे सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं, हे त्याला कळत होतं. सुपरमार्केटच्या रांगेत पुढे एक म्हातारी ज्यू बाई पैशांवरून हुज्जत घालतेय आणि मागे हा तळमळतोय, एवढीच एक गोष्ट. पण त्या बाईचं बोलणं त्याने कानात साठवलंय, कारण त्याच बोलण्यात तो लहानाचा मोठा झाला.

तुमच्यापैकी कुणी वाचलं असेल तर जरूर लिहा.

---

कोरा कागद :

काका, धाग्यासाठी मनापासून आभार. सिनेमा पाहिलाय, पुस्तकं नाहीत. एक प्रश्न. 'अंडरग्राउंड' म्हणजे नेमकं काय? बंदी होती का? चोरून छापायचे का?

---

तिरपी रेघ :

मी सांगते. माझा धंदा चित्रांचा आहे, त्यामुळे हा इतिहास जवळचा.

१९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिकमुळे मुलं बिघडतात अशी मोठी ओरड झाली. सरकारने बंदी घालायच्या आत प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता केली. तिचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर वितरक अंक घ्यायचे नाहीत. म्हणजे कायद्याने मनाई नव्हती, पण दुकानापर्यंत पोचायची वाट बंद होती. लैंगिकता, नशा, सरकारवर टीका, सगळं बाद. साठच्या दशकाच्या शेवटी तरुण चित्रकारांनी त्या वाटेला वळसा घातला. क्रंबचा 'झॅप'चा पहिला अंक १९६८ चा. हिप्पी लोकांची चिलीम, पोस्टरं, अगरबत्ती विकणारी दुकानं असायची, तिथे हे अंक मिळायचे. शिक्का नाही, संपादक नाही, मालकी चित्रकाराची.

मग १९७३ मध्ये अश्लीलतेबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. काय अश्लील ते ठरवताना स्थानिक समाजाचा मापदंड धरायचा, असं ठरलं. दुकानदार घाबरले. अंक ठेवणं कमी झालं.

म्हणजे बघा, पीकारने १९७६ मध्ये अंक काढला तेव्हा लाट ओसरत आली होती. भरती होती तेव्हा नाही, ओहोटीला हा माणूस पाण्यात उतरला. आणि त्याच्या अंकात लोक ज्यासाठी अंडरग्राउंड घ्यायचे ते जवळपास काहीच नव्हतं. नशा नाही, धक्का नाही. मुखपृष्ठावर ओळ होती, 'क्लीव्हलंडच्या रस्त्यांवरून'.

स्वतःच्या आयुष्यावर कॉमिक करणारा तो पहिला नव्हे, हेही नोंदवते. जस्टिन ग्रीनचं 'बिंकी ब्राउन' १९७२ चं आहे, धर्माच्या धाकाने झालेल्या मनोविकाराबद्दलचं. ते फार मोठं काम आहे. पण ग्रीनने एक जबरदस्त कबुलीजबाब लिहिला. पीकारने रोजचं लिहिलं, आणि लिहीतच राहिला.

---

रेकॉर्डरूम :

तिरपी रेघ, ओहोटीचं तुम्ही छान सांगितलंत. एक विचारतो. क्रंब नसता तर पीकारला कुणी विचारलं नसतं, असं पुष्कळ ठिकाणी वाचतो. चित्रकार म्हणून तुम्हाला काय वाटतं?

---

तिरपी रेघ :

क्रंबच्या नावामुळे पहिले वाचक मिळाले, यात शंका नाही. पण मी तुम्हाला एकच गोष्ट उलगडून दाखवते, मग तुम्हीच ठरवा.

'द हार्वी पीकार नेम स्टोरी'. चित्रं क्रंबची. चार पानं. प्रत्येक पानावर बारा चौकटी, एकूण अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस चौकटींत एकच माणूस, समोर तोंड करून उभा, छातीपासून वर. तो वाचकाशी बोलतोय. मागे काही नाही, घटना नाही, दुसरं पात्र नाही. तो सांगतोय की माझं नाव विचित्र, लहानपणी पोरं चिडवायची. मग टेलिफोन डिरेक्टरीत त्याला आणखी एक हार्वी पीकार सापडतो. असं नाव दुसऱ्याचं कसं असेल? पुढे तिसराही सापडतो. मग कळतं की त्यातला एक वारला. थोड्या काळाने दुसराही. हा त्यांना कधी भेटला नव्हता, तरी त्याला वाईट वाटतं. आणि काही काळाने डिरेक्टरीत पुन्हा एक हार्वी पीकार. हे कोण लोक आहेत? हार्वी पीकार म्हणजे कोण?

आता चित्रकार म्हणून सांगते. एकच चेहरा अठ्ठेचाळीस वेळा काढायचा म्हणजे वाचक तिसऱ्या ओळीवर कंटाळून पान उलटेल, ही भीती असते. माझ्याकडे असा कागद आला असता तर मी म्हटलं असतं, मध्ये डिरेक्टरीचं पान दाखवू, लहानपणचा प्रसंग काढू. पण लिहिणाऱ्याने तसं मुद्दाम केलेलं नाही. वाक्यं त्याने अशी तोडलीत की प्रत्येक चौकटीत एकच श्वास मावतो. आणि मध्येच एखादी चौकट बिनशब्दांची. माणूस नुसता आपल्याकडे बघतोय. त्या चौकटीत क्रंबने फक्त पापणी, ओठाचा कोपरा, एवढंच हलवलंय. पण तिथे थांबायचं, हे ठरवलं कागदावर काड्यांची माणसं काढणाऱ्याने. तबलजीने मात्रा मोकळी सोडावी तसं ते आहे. जॅझ ऐकून घडलेला कान आहे तो.

नंतर त्याच्याबरोबर कितीतरी चित्रकारांनी काम केलं. गॅरी डम, जेरी शामरे, फ्रँक स्टॅक, जो साको. शामरे बारीक रेघांनी छायाचित्रासारखं काढतो, डमची रेघ सरळसाधी, क्रंबचा हार्वी घामट, केसाळ, वाकलेला. दर गोष्टीत हार्वीचा चेहरा वेगळा. पण तीन संवाद वाचले की कळतं, हा तोच. आवाज चित्रकाराचा असता तर हे झालं नसतं.

---

रेकॉर्डरूम :

हे वाचून मी आत्ता पुस्तक काढून त्या बिनशब्दांच्या चौकटी पुन्हा पाहिल्या. इतक्या वेळा वाचूनही मी त्या भराभर ओलांडत होतो.

---

मधली सुट्टी :

लेख आणि प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट मला खटकते ती बोलून दाखवते. हा माणूस स्वतःबद्दल लिहितो ते ठीक. पण स्वतःबद्दल लिहिताना दुसऱ्यांबद्दलही लिहिलं जातं. सहकारी, घटस्फोट झालेल्या बायका, शेजारी. त्यांची भांडणं, त्यांची चूक, सगळं छापून येतं. त्यांनी कुठे परवानगी दिली? आपल्याकडेही आत्मचरित्रांवरून घराघरांत अबोले झालेले मी पाहिलेत. लिहिणाऱ्याचं धाडस म्हणून सगळे टाळ्या वाजवतात, आणि ज्याच्यावर लिहिलं तो आयुष्यभर पात्र होऊन बसतो.

---

रेकॉर्डरूम :

मधली सुट्टी, प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही सुटलेला नाही. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, त्याने स्वतःला कुठेच सूट दिलेली नाही. चिडका, चिकट, हेवा करणारा, बायकोवर ओरडणारा, दुसऱ्याच्या यशाने तोंड आंबट करणारा, असाच तो आपल्या गोष्टींत येतो. दुसऱ्याचं उणं दाखवायचं आणि स्वतः साळसूद राहायचं, असं नाही.

दुसरी गोष्ट टोबी रॅडलॉफची. रुग्णालयातला सहकारी. शब्द न शब्द तोडून, एकेक अक्षर वेगळं करून बोलायचा. दुसऱ्या कुणी त्याची टवाळी केली असती. पीकारने त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं आणि त्याचे विचारही, कारण टोबीला खरंच स्वतःची मतं होती. टोबी स्वतःला अभिमानाने 'अस्सल नर्ड' म्हणायचा, पुढे टीव्हीवरही तसाच आला. मिस्टर बोट्स नावाचे ज्येष्ठ सहकारी आहेत, जुन्या कविता तोंडपाठ असलेले. फायलिंग करता करता ते उपदेश करतात आणि हार्वी ऐकून घेतो. मला यात टवाळी दिसत नाही. रेकॉर्ड विभागातल्या लोकांकडे सहसा कुणी वळून बघत नाही. इथे कुणीतरी बघितलं.

पण बायकांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. ती पानं वाचताना मलाही अवघडल्यासारखं होतं.

---

तिरपी रेघ :

यात भर घालते. पीकारला स्वतःला हा प्रश्न दिसत होता, पण दुसऱ्याच्या पुस्तकात. आर्ट स्पीगलमनचं 'माउस' आलं, ज्यात ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं. सगळीकडे वाहवा होत असताना ऐंशीच्या दशकात पीकारने त्यावर कडक टीका लिहिली. प्राण्यांची रूपं घेतल्याने माणसं ठोकळ्यांसारखी होतात, एकेका देशाचे लोक एकेका जनावरात कोंबले जातात, हा एक आक्षेप. आणि दुसरा, स्पीगलमनने आपल्या म्हाताऱ्या वडिलांना कंजूष, त्रासदायक असं दाखवून अन्याय केला. यावर पुष्कळ वाद झाला. मला 'माउस' थोर वाटतं आणि पीकारचा पहिला मुद्दाही पटतो. दुसरा मुद्दा त्याने मांडावा याचं मात्र आश्चर्य वाटतं, कारण तो स्वतः तेच करत होता.

---

मधली सुट्टी :

हे माहीत नव्हतं. म्हणजे प्रश्न त्यालाही छळत होता. धन्यवाद दोघांनाही.

---

अंजिरी :

मी इथे सहसा फक्त वाचते. पण 'अवर कॅन्सर इयर'चा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहिते.

हे पुस्तक १९९४ चं. हार्वीला १९९० मध्ये लिम्फोमा झाला, त्या वर्षाची गोष्ट. लेखक दोघं: हार्वी आणि त्याची बायको जॉइस ब्रॅबनर. चित्रं फ्रँक स्टॅकची. माझ्या नवऱ्याला पाच वर्षांपूर्वी हाच आजार झाला. केमोच्या दिवसांत मी डेकेअरमध्ये बाहेरच्या बाकावर बसून हे पुस्तक वाचलं. आजारावरची बाकीची पुस्तकं मला सहन होत नव्हती, कारण सगळ्यांत शेवटी काहीतरी शहाणपण सापडतं. यात तसं नाही. घर घ्यायची बोलणी चालू आहेत, कागदपत्रं, सुतारकाम, त्यात गाठ सापडते. तिकडे आखाती युद्ध सुरू होतंय, जॉइस शांततेच्या कामातल्या तरुण मुलांशी बांधलेली आहे. आणि घरात एक घाबरलेला, चिडलेला माणूस, जो म्हणतो मला कामावर जाऊ द्या. केमोने शरीर पार मोडतं, वर नागीण उठते. एका ठिकाणी तो जॉइसला विचारतो, मी पुस्तक लिहिणारा माणूस आहे की त्या पुस्तकातलं पात्र? औषधांच्या गुंगीतला माणूस असं काहीबाही विचारतो तेव्हा उत्तर काय द्यायचं असतं, ते मला माहीत आहे. काही नाही. हात धरायचा.

जॉइसने स्वतःचा रागही त्यात ठेवलाय. सेवा करणारी बायको नेहमी सोशीक दाखवतात. ही ओरडते, थकते, जिन्यावर बसून राहते. ते वाचल्यावर मी माझ्यावरचा राग थोडा सोडला.

मधली सुट्टी, तुमच्या प्रश्नाला हे एक उत्तर असू शकतं. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्याच हातात पेन द्यायचं. निदान एकदा तरी त्याने ते केलं.

---

मधली सुट्टी :

अंजिरीताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचे मिस्टर आता कसे आहेत?

---

अंजिरी :

आता बरे आहेत. सहा महिन्यांनी एकदा तपासणी असते. विचारल्याबद्दल आभार.

---

रेकॉर्डरूम :

अंजिरी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तब्येतीला जपा दोघंही.

जॉइसबद्दल थोडं. ती डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनची, एका कॉमिकच्या दुकानात भागीदार. भागीदाराने 'अमेरिकन स्प्लेंडर'चा अंक तिने वाचायच्या आत विकून टाकला, म्हणून तिने थेट लेखकालाच पत्र टाकलं. पत्रं, फोन, मग भेट, मग लगेच लग्न. त्याचं हे तिसरं लग्न. पण तिला फक्त 'हार्वीची बायको' म्हणणं चूक आहे. १९८७ मध्ये तिने 'रिअल वॉर स्टोरीज' हे कॉमिक संपादित केलं, सैनिकांच्या खऱ्या अनुभवांचं, तरुणांनी भरती होण्याआधी वाचावं म्हणून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती गेली.

---

चहाटपरी :

डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही! मी त्याच क्लिपा बघून पीकारकडे वळलो. पहिल्यांदा १५ ऑक्टोबर १९८६ ला गेला. लेटरमनला पाहुणा म्हणून एक विक्षिप्त कारकून हवा होता, आणि पीकारला अंक खपायला हवे होते. दोन वर्षं ते जमलं. पण त्या वाहिनीची मालकी जनरल इलेक्ट्रिककडे गेली होती. ती कंपनी शस्त्रास्त्रांच्या आणि अणुऊर्जेच्या धंद्यात. ऑगस्ट १९८८ मध्ये पीकारने वाहिनीवरच, त्या कंपनीचं नाव घेऊन बोलायला सुरुवात केली. लेटरमन थांबवतोय, हा थांबत नाही. लोक हसतायत, कारण त्यांना तो खेळ वाटतोय. पीकार मात्र हसत नाही. त्यानंतर पाच वर्षं त्याला तिथे बोलावणं नाही.

त्या प्रसिद्धीतून त्याला नोकरी सोडता आली असती का, माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी तो फायली लावायला गेला, एवढं खरं.

---

ओहायोकर :

मी क्लीव्हलंडजवळ अकरा वर्षं राहतो. हिवाळ्यात सहा महिने आभाळ करडं, तळ्यावरून येणारा वारा, बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांची धुरांडी. पहिल्या वर्षी मला हे शहर अजिबात आवडलं नव्हतं. शेजाऱ्याने 'हार्वी पीकार्स क्लीव्हलंड' हे पुस्तक वाचायला दिलं. त्याच्या मृत्यूनंतर, २०१२ मध्ये आलं, चित्रं जोसेफ रेम्नंटची. अर्धं शहराचा इतिहास, अर्धं त्याचा. पुस्तकाची सुरुवात होते १९४८ ने, जेव्हा इथला बेसबॉलचा संघ जगज्जेता झाला आणि हार्वी नऊ वर्षांचा होता. त्याच्या हिशेबाने शहराचा तो सुखाचा कळस, पुढे सगळा उतार. पण त्या उतारावर तो आयुष्यभर राहिला. न्यूयॉर्कला गेला नाही.

क्लीव्हलंड हाइट्समध्ये कव्हेंट्री रोडवर, जिथे तो भटकायचा, आता त्याच्या नावाची छोटी बाग आहे. ली रोडवरच्या सार्वजनिक वाचनालयात त्याचं स्मारक आहे, ते मला सर्वांत आवडतं. जॉइसने लोकांकडून पैसे गोळा करून उभं केलं. एक टेबल, त्यावर कांस्याचं कॉमिकचं पान, आणि पानातून बाहेर येणारा हार्वी. टेबलाचे खण उघडतात. आत कागद आणि पेन्सिली. कुणीही बसावं आणि आपली चौकट काढावी. माझ्या धाकट्याने तिथे बसून आमच्या घरातल्या बर्फ उपसायच्या भांडणावर तीन चौकटी काढल्या. मी त्यात वाईट दिसतो. पण बोलणं अगदी बरोबर उतरवलंय.

त्याची समाधी लेक व्ह्यू दफनभूमीत आहे. १२ जुलै २०१० ला तो गेला, घरीच, सत्तराव्या वर्षी. नैराश्याची औषधं चालू होती, त्यांचं प्रमाण चुकून जास्त झालं असं तपासात निघालं. दगडावर त्याचंच एक वाक्य आहे, आयुष्य म्हणजे बायका, मिळालेली कामं आणि काहीतरी निर्माण करत राहणं, अशा अर्थाचं. लोक तिथे फुलांऐवजी पेनं ठेवून जातात. मी गेलो तेव्हा जवळ पेन नव्हतं. गाडीत मिळालेली लेकाची अर्धी पेन्सिल मातीत खोचून आलो.

---

रेकॉर्डरूम :

ओहायोकर, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांपुढे आलं सगळं. त्या टेबलाचा फोटो जमलं तर टाका.

---

कोरा कागद :

सगळं वाचून काढलं, वाचनखूण साठवली. सुरुवात कुठून करू?

---

तिरपी रेघ :

१९८६ मध्ये डबलडेने काढलेला पहिला संग्रह घे. त्यालाच १९८७ चा अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाला. त्यात सुरुवातीच्या दहा वर्षांतल्या उत्तम गोष्टी आहेत, नावाची गोष्टही. मग 'अवर कॅन्सर इयर'. 'द क्विटर' त्यानंतर, कारण माणूस ओळखीचा झाल्यावर त्याचं लहानपण जास्त कळतं. सिनेमा तू पाहिलाच आहेस. त्यात पॉल जियामाटी हार्वीचं काम करतो आणि मध्येमध्ये खरा हार्वी येऊन बोलतो. पुस्तकं वाचल्यावर पुन्हा बघ.

---

कोरा कागद :

पुस्तक मागवलंय. तोवर एक प्रयत्न केला. काल आईबरोबर बँकेत गेलो होतो, पासबुक भरायचं मशीन बंद. रांगेत एक आजोबा आणि शिपाई यांचं जे बोलणं झालं ते घरी येऊन आठवेल तसं लिहून काढलं आणि वहीच्या पानावर नऊ चौकटी पाडल्या. आजोबा तीनदा एकच वाक्य बोलतात, 'काल चालू होतं ना?' प्रत्येक वेळी ते वेगळं ऐकू येत होतं, पण माझ्या कागदावर तिन्ही वेळा सारखंच दिसतंय.

---

रेकॉर्डरूम :

तुझ्या आठवणीत दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळच्या मध्ये काय घडलं? शिपाई काही बोलला का?

---

कोरा कागद :

नाही. दोघंही मशीनकडे बघत उभे होते.

---

तिरपी रेघ :

मग ती एक चौकट कर. दहा झाल्या तरी चालतील. आजोबांच्या हातात पासबुक कसं धरलेलं होतं ते आठवून बाजूला लिही, आणि पान मला पाठव. मी काढते.